सीट उरली तर

मी चांदूर रेल्वे गावची, माळ्याची पोरगी. बाबा झेंडू-शेवंती लावते, आई हार गुंफते, अन् मी विमानात लोकाईले जेवन वाढतो, हासू नका ताई, तेच करतो मी तिकडं आखातात, लगनाच्या आधीपासून. नवरा ॲक्सिडेंटात गेला तवा मनू मांडीवर होती. कंपनी राहाले खोली देते, पन लेकरू ठेवू देत नाई, म्हनून मनू आईबाबापाशी.

काय सांगू तुमाले, लोकाईले वाटते हिचं काय बाप्पा, विमान घरचंच हाये. घरचं कायचं! फुकटात येऊ देते हे खरं, पन तिकीटवाले सारे बसल्यावर सीट उरली तर. नाई उरली तं दरवाज्यापाशी भिंतीले घडीची सीट असते, जंपसीट म्हनते तिले, ते कॅप्टननं देल्ली तर, अन् तिथंही आपल्याहून सीनियर कोनी उभा असला का त्याचा नंबर आधी. तोवर काउंटरपाशी नटूनथटून उभं राहाचं, तोंड वाकडं कराचं नाई. घरी मी आधी फोनच करत नाई, मुंबईले उतरली, गाडीत बसली, का मंग सांगतो. पयले सांगत होती, तं मनू फाटकात बसून राहे अन् मी तिकडंच अडकलेली.

यंदा शाळेचं गॅदरिंग होतं, मनू नाचनार होती. कम्प्युटरवर विमान अर्धं रिकामं दिसून राह्यलं होतं, म्हनून मी सांगून बसली, येतो म्हनलं, नक्की येतो. सीटही भेटली, बेल्ट लावला, अन् तेवढ्यात दुसरं विमान रद्द झालं, त्याचे सारे लोक आमच्यात आले. मॅडम, उतरा लागते. जंपसीट एका सीनियरले गेली. मी बॅग घेऊन हासत उतरली, हासाचं शिकवलंच असते न आमाले.

दोन दिवसानं घरी पोचली. आईनं सांगतलं, मनूनं आजोबाच्या बाजूची खुर्ची दप्तर ठेवून धरली होती, कोनाले बसू देये ना. गर्दी झाली, एक बाई कडेवर लेकरू घेऊन उभी होती. नाचाच्या आधी मनू आली, दप्तर उचललं, म्हने बसा काकू, माह्या आईले सीट भेटली नसन. अन् गेली नाचाले. चांगली नाचली म्हने.

मले वाटलं आता मनू कट्टी घेईन, भांडन. तं ते जवळ आली अन् ईचारलं, कोनाले देल्ली व आई तुही सीट? एक म्हातारा होता म्हनलं. मंग ठीक हाये म्हने, जेवून घे. मी मोरीत नळ सोडून रडली.

सारे म्हनते सोड नोकरी. सोडून कुठं जाऊ ताई? इथल्या कंपन्याईले कवळ्या पोरी लागते, माह्या वयाची बाई कोन घेते? अन् बाबाचे गुडघे गेले, आता फुलावर घर चालत नाई. सोडली तं सारे उपाशी बसले, नाई सोडली तं मनू अशी. चीड येते मले, पन कोनावर काढू?

परवा निघाचं हाये. लवकर ये, असं मनू म्हनतच नाई. येतो म्हनलं का मान हालवते, म्हनते, सीट उरली तर.

तुमाले लेकरं हायेत न? लय हट्टी हाये म्हनता? राहू द्या ताई. हट्टीच राहो बाप्पा तुमची लेकरं.