मोरगाव राहिलं

घोडबंदर रोडवर बस मुंगीच्या पावलांनी चाललेली. ऐश्वर्याच्या पुढच्या सीटवर अष्टविनायक करून परतलेल्या दोन आज्या खिदळत होत्या. इतक्यात एकीचा फोन वाजला.

"हां मयूर, आठही गणपती झाले रे. पण शेवटी परत मोरगावला जायचं राहिलं ना! त्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. काय करणार, आवडाला चक्कर आली. गेल्या वर्षी मला, यंदा तिला. आता पुढच्या वर्षी पहिल्यापासून. ठेवते."

"काय बोलला गं, कला?"

"बोलला, जा आई, अर्धवट नको ठेवूस."

"देव रागवंल ना गं?"

"कशाला? दरवर्षी भेटायला जातो आपण. पुरी केली असती तर पोरांनी परत पाठवलं असतं?"

"नाय बा. नातवंडं सांभाळ बोलले असते."

"मग? पुढच्या वर्षी चक्कर माझी."

"मी पडले तवा तूच हसलीस! यात्रेच्या गाडीचा डायवर बघत व्हता. त्याला समजलं तर?"

"अगं, निघतानाच विचारलंन मला, 'मावशी, यंदा कोण पडणार?'"