डोक्यावरचा ढग

कॉमिक्स वाचून पोरं बिघडतात म्हणता? आमच्या देवळीच्या घरातलं ऐका. ऐंशीच्या आसपास, मी सातवीत होते. बाबांनी माझं कॉमिक हिसकावलं आणि चुलीत टाकायला निघाले. चुलीपाशी आई भाकरी थापत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण उघड्या पानावर तिची नजर गेली.

"ह्या बाईच्या डोक्यावर ढग काऊन काढला वं?"

मी म्हटलं, "ते तिच्या मनातलं हाये, आई. तोंडानं नाई बोलत ती."

आई म्हणाली, "असा ढग माह्याही डोक्यावर हाये. पंधरा वर्षं झाली, कोणी वाचलाच नाई."

बाबा थबकले. कॉमिक मला परत दिलं आणि आईसमोर बसले.

"सांग मले. काय लिवलं हाये त्यात?"