आठची गोळी

दवाखान्याच्या बाकावर दोघी शेजारणी नंबराची वाट बघत होत्या. खिडकीमागचा कंपाउंडर पुड्या बांधता बांधता ऐकत होता.

“गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप तुमच्याच लेकाने बनवलंय ना?”

“हो. जाहिरातीत म्हणे, आठ म्हणजे आठला वाजणार. वाजतंय कुठलं.”

“मग गोळी?”

“तोच रोज आठला फोन करतो. ‘आई, वाजलं का?’”

“आधी करायचा फोन?”

“आधी कुठला. सणासुदीला, तोही केला तर.”

“आणि दुरुस्ती?”

“करतोय बिचारा. डोकं धरून बसलाय.”

त्या आईच्या पिशवीत मोबाइल वाजला. “आठ वाजले. गोळी घ्या.”

“अहो, हे वाजलं की.”

“महिना झाला वाजतंय. आता जरा गप्प बसा, त्याचा फोन येईल.”

आला.

“नाही रे बाबा. आजही नाही.”

कंपाउंडरने त्यांचा नंबर जरा थांबून पुकारला.