एक्झॉस्ट बंद ठेवावा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या संशोधन केंद्राचे संचालक माननीय उद्धवराव, व्यासपीठावरील पाहुणे, चाकणहून शिफ्ट संपवून थेट आलेले सहकारी, सत्कारमूर्ती कस्तुराताई आणि त्यांची लेक दीक्षा, सर्वांना सविनय नमस्कार.

मी निरंजन, अकरा वर्षं कस्तुराताईंचा साहेब. मला पाच मिनिटं दिली आहेत. एरवी त्यातली तीन मी परत केली असती. आज करणार नाही.

पाहुण्यांसाठी आधी काम सांगतो. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं औषध, आपल्याला माहीत आहे. या सभागृहातल्या कितीतरी घरांत सकाळी उपाशीपोटी त्याची गोळी घेतात. त्या गोळीत ते नखावर दिसणारही नाही एवढंसं असतं. आमच्याकडे मात्र बाटलीभर निव्वळ पावडर येते. ती तोलायची, विरघळवायची आणि उंदरांना द्यायची. थायरॉक्सिन जास्त झालं की हृदयाचं काय होतं, हा आमचा अभ्यास. तोलायचं काम कस्तुराताईंचं. असा स्थिर हात मी दुसरा पाहिला नाही.

आता मी कसा माणूस आहे, ते माझ्या हाताखालच्यांना विचारा. दशांशानंतरचा चौथा आकडा हलला की माझं डोकं फिरायचं. तोलण्याच्या टेबलावर धूळ ओढून घेणारा एक्झॉस्ट होता. तो चालू असला की वाऱ्याने काटा थरथरायचा. मग मी एक पाटी लिहिली, 'वजन चालू असताना एक्झॉस्ट बंद ठेवावा', खाली सही केली आणि भिंतीवर डकवली. ताईंनी ती अकरा वर्षं पाळली. दार बंद, पंखा बंद, एक्झॉस्ट बंद. तोंडाला साधा रुमाल. आकडे काय सुरेख यायचे म्हणून सांगू!

तिसऱ्या वर्षापासून ताई वाळायला लागल्या. आम्ही काय केलं? चेष्टा केली. "ताई, कुठलं डाएट चालू आहे, आमच्या मंडळींना पण सांगा की!" हे वाक्य माझंच. त्या हसायच्या आणि घाम पुसायच्या. एकदा म्हणाल्या, "सर, बसल्या जागी छातीत धडधडतंय." मी म्हणालो, चहा कमी करा.

गेल्या वर्षी त्या काम करता करता कोसळल्या. पिंपळे गुरवच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं, "बाई, बारीक व्हायला थायरॉइडच्या गोळ्या खाता का?" ही गोष्ट कँटीनमध्ये आली आणि तिथे तिला चोरीचं रूप आलं. ताई बाटलीतली पावडर घरी नेतात म्हणे! माझ्या टेबलासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "मी काय खात न्हाई हो सर. पोरीची शपथ."

मला तेव्हाच कळलं होतं. उंदरांच्या हृदयाचे ठोके आम्ही रोज मोजत होतो, तेच औषध श्वासातून घेणारी बाई शेजारच्या खोलीत होती. मी गप्प बसलो, कारण पाटीवर सही माझी होती. लाज वाटते हे सांगताना.

ताईंच्या हृदयाची लय बिघडलेली आहे. मघाशी पुष्पगुच्छ घेताना हात कसा कापत होता, ते आपण पाहिलंत. आणि निवृत्तीच्या कागदावर लिहिलंय, 'वैयक्तिक कारणास्तव'. उद्धवराव, घड्याळ पाहू नका, संपवतोच आहे. ते दोन शब्द खोटे आहेत, ते खोडा. ताईंनी कधी कणभरही चोरलं नाही, हे मी इथे सगळ्यांसमोर सांगतो. ज्यांनी कँटीनमध्ये ऐकलं त्यांनी आता हेही ऐका.

दीक्षा, बाळ, वर ये. नुकसानभरपाईचा तुझा अर्ज पुराव्याअभावी परत आला, असं तू म्हणालीस. ही ती पाटी. काल भिंतीवरून काढली. अक्षर माझं, सही माझी, तारीखही आहे. मागच्या बाजूला आज सकाळी सगळी हकीकत लिहून पुन्हा सही केली आहे. जिथे बोलावतील तिथे येऊन मी हेच सांगेन.

आयोजकांचे आणि आपण शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपले आभार. बोलण्यात कुठे मर्यादा सुटली असेल तर सभागृहाने ती पोटात घालावी. ताई, तुमच्याकडे मात्र मी माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही लगेच देऊन टाकाल.