घागरीतला थेंब

नाही ताई, तो मायक्रोस्कोप खाली ठेवा — खोक्यावर बाराशे पट लिहिलंय ना, म्हणूनच नको म्हणतोय. खोक्यावर लिहायला काय जातं? माझ्या पाटीवर 'गिरधर सायंटिफिक' लिहिलंय, म्हणून मी काय सायंटिस्ट झालो? प्लास्टिकची भिंगं आहेत त्यात, बाराशे पट मोठं दिसतं ते नुसतं धुकं. बसा, कूलरसमोर बसा, बाहेर चव्वेचाळीस आहे. मुलासाठी बघताय का? — नातू? — स्वतःसाठी? अरे वा. बँकेतून रिटायर झालात, मेहरूणला घर, रोज सकाळी तलावावर फिरता आणि त्या पाण्यात काय हलतं ते बघायचंय — काय नाव म्हणालात, कामिनीताई — तर कामिनीताई, अशी माणसं येत नाहीत हो दुकानात. येतात ते शाळेचे क्लार्क, मार्च संपायच्या आत ग्रँट संपवायला. मायक्रोस्कोपचं तोंड कुठल्या बाजूला असतं तेही बघत नाहीत, बिल तेवढं बघतात.

बजेट सहा हजार. येतो ना, सहा हजारात चांगला येतो. फक्त धातूचा घ्या — प्लास्टिकचा असला की फोकस करायला हात लावला की सगळं डुलतं, अन् जे बघायचं ते पळून जातं. भिंगं काचेची. चारचं, दहाचं, चाळीसचं. वर डोळ्याशी दहाचं असतं, म्हणजे चाळीसला चारशे पट झालं, अन् चारशेच्या पुढे तुम्हाला काही नको. शंभराचं भिंग तेल लावून बघायचं असतं, ते लॅबवाल्यांचं काम, आपल्याला काय कोणाचं रक्त तपासायचंय? खाली दिवा हवा — एलईडी. आरशावाला स्वस्त मिळतो, पण मग तो उचलून दिवसभर उन्हाच्या मागे फिरावं लागतं. आणि बारीक फोकसचा स्क्रू वेगळा हवा, हा असा. हा घ्या. पाच हजार आठशे. कोऱ्या काचा, झाकणकाचा, ड्रॉपर मी माझ्याकडून देतो. पहिल्या दिवशी एकदम तलावाचं पाणी बघू नका, कांद्याचा पापुद्रा बघा. कांदा हलत नाही, हात बसतो.

कुठला? तो — कपाटातला? हो, त्याच्यावर चिठ्ठी आहे. हो, 'विकणे आहे, पाच हजार'. अक्षर माझंच आहे. पण तो नका घेऊ. जुना आहे, नऊ वर्षं वापरलाय. जड आहे, तुम्हाला उचलायचा नाही. बारीक स्क्रू जरा घट्ट फिरतो. नाही, बिघडलेला नाही, चांगलाच आहे — भिंगं अशी आहेत की आता सहा हजारात काय, बारा हजारात मिळायची नाहीत — पण स्क्रू घट्ट आहे. तुम्ही नवाच घ्या. नव्याला गॅरंटी आहे.

कोणाचा म्हणजे — माझाच. विकायचा आहेच, चिठ्ठी काय उगाच लावलीय? महिना झाला लावून. अकरा जण येऊन गेले. एक भुसावळचा रेल्वेवाला होता, त्याला मी सांगितलं की तुमच्या क्वार्टरला गाडीचे हादरे बसतात, तिथे फोकस राहायचा नाही. एक शेतकी कॉलेजचा होता, त्याचे हात घामेजलेले होते. आता घामेजलेल्या हातात कसा द्यायचा, सांगा.

हसताय. हसा. आमच्या पुष्पाबाईंना कोणी सांगा हे हसण्यासारखं आहे म्हणून. पुष्पा म्हणजे आमची मंडळी. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, माहेरी गेली, धुळ्याच्या अलीकडे खेडं आहे तिचं, ती अजून तिकडेच. आखाजी होऊन एक महिना चार दिवस झाले. 'ते यंत्र विकलंस असं कळल्याशिवाय मी पिंप्राळ्याच्या घरात पाऊल टाकणार नाही' — हे तिचं वाक्य, जसंच्या तसं. अहोजाहो करणारी बाई आहे ती, अन् एकदम 'विकलंस'. तेव्हाच मी समजलो की हे प्रकरण दोन दिवसांत मिटणारं नाही. महिनाभर ढाब्याची शेवभाजी खातोय, ताई. परवा घरी भरीत करायला गेलो, तर वांगं गॅसवर ठेवून मी आत येऊन बसलो — काय करत? — हेच यंत्र घरी नेऊन केळीच्या पानाचा पापुद्रा बघत. वांग्याचा कोळसा झाला.

माझी चूक? सांगतो, तुम्हीच ठरवा. दरवर्षी आखाजीला मी जातो, जावई म्हणून पाट मिळतो, आंब्याचा रस मिळतो, पण बोलायला कोणी नाही. मेहुणा पितांबर कापसाचं बोलतो, बाकीचे पाण्याच्या पाळीचं बोलतात, अन् मला विचारतात, 'दुकान कसं चाललंय?' — तीस वर्षं तोच प्रश्न. म्हटलं यंदा आपलं यंत्र घेऊन जाऊ. पुष्पा नको म्हणत होती. मी टॉवेलात गुंडाळून पिशवीत तळाशी घातलं, वरून डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. सासऱ्यांना जाऊन तीन वर्षं झालीत, तोताराम नाना. आता आखाजीला घागर भरतात ती कशासाठी, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही इथल्याच — पितरांसाठी. नवी घागर, विहिरीचं पाणी, वर डांगर, सांजोरी, सगळं यथासांग झालं. आणि यंदा विशेष म्हणजे सुकदेव आला होता. सुकदेव म्हणजे नानांच्या धाकट्या भावाचा, पंडितकाकांचा मुलगा. नाना आणि पंडितकाका बांधावरून चौदा वर्षं बोलत नव्हते. एकाच सालात गेले दोघं, पण बोलले नाहीत. ते भांडण पितांबरने हातापाया पडून मिटवलं, अन् सुकदेव बायकोला घेऊन पहिल्यांदा त्या घरात जेवायला बसला. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून केलं, तेच तर पुष्पा म्हणते.

मी यंत्र काढलं. सगळे भोवती जमले — तीस वर्षांत पहिल्यांदा, ताई, माझ्याभोवती. बघायला काय द्यायचं? पाणी द्यायचं. पाणी कुठलं? जवळ होती ती घागर. ड्रॉपर घातला, एक थेंब काढला. हो, पितरांच्या घागरीतला. तोंड असं करू नका, माझ्या डोक्यात तेव्हा फक्त पाणी होतं, पितर नव्हते. काच लावली, बघितलं, तर आत जत्रा — जुनी विहीर ती, जीव असणारच. मी म्हटलं, आहेत, बरेच आहेत. आणि आमच्या सासूबाई, मंदाबाई, तोपर्यंत मागे बसलेल्या, त्या पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "जवाईबापू, यामा पितांबरना बाप शे का?"

आता, यात नाना आहेत का, तर नाही म्हणायचं होतं मी. एक शब्द. पण म्हातारीचा चेहरा असा होता की नाही म्हणवलं नाही, अन् त्यात भोवतीची गर्दी मला चढलेली. म्हटलं, बघा ना, तो मोठा, गोल गोल फिरतोय, नाना नाही का अंगणात फिरायचे, तसाच. सासूबाईंनी डोळा लावला. पाच मिनिटं हलल्या नाहीत. मग हळूच म्हणतात, चष्मा कुठे गेला यांचा. तिथपर्यंत ठीक होतं हो. पुष्पासुद्धा हसली, खोटं नाही सांगत. मग मी परत डोळा लावला, आणि त्या मोठ्याने शेजारचा एक बारका जीव गिळला. माझ्या तोंडून गेलं, "गिळला." सासूबाई म्हणाल्या, कोणी कोणाला? आणि मी — मी म्हटलं, मोठ्याने धाकट्याला.

नाही, सुकदेव भांडला नाही. तेच तर. हातातली सांजोरी ताटात ठेवली, हात धुतले, बायकोला म्हणाला ऊठ. मोटरसायकल काढली अन् गेले दोघं. पितांबर माझ्याकडे बघतही नव्हता. आणि पुष्पाने — दिवा बंद केला यंत्राचा. स्वतः. तिला बटण कुठे आहे माहीत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मग ते वाक्य म्हणाली.

फोन करतो ना, रोज करतो. उचलते, 'विकलं का' विचारते, ठेवते. सुकदेवाकडे गेलो होतो, माफी मागितली, तो म्हणाला तुम्ही पाहुणे माणूस, तुमचं काय चुकलं, बाप माझा गेला. चूक माझीच आहे, ताई. गंमत करायची जागा नव्हती ती. मला वाईट वाटतं त्याचं, फार वाटतं, अन् तरी तो मोठा जीव काय सुंदर होता हेही सारखं आठवतं — आता या माणसाचं काय करायचं, असं पुष्पा म्हणते ते बरोबरच आहे.

पाच हजार रोख? आणलेत? ... ठीक आहे. घ्या. नाही, खरंच घ्या, तुम्ही तलाव बघणार आहात, तुमचे हातही कोरडे आहेत, मला आता कारण सापडत नाही. थांबा, कव्हर घालतो. हे कव्हर सोबत जाईल, धुळीत उघडा ठेवायचा नाही कधी. हो, साडीचंच कापड आहे, पुष्पाची जुनी साडी. तिनेच शिवलंय. मी सांगितलं नव्हतं. एका दिवाळीला दुकानात आली, यंत्राभोवती टेप धरला, माप घेऊन गेली, आणि — जाऊ द्या. नाडी अशी बांधायची.

एक मिनिट, फोन. तिचाच आहे.

हां, बोल. — विकलं. म्हणजे विकतोय, ताई समोर बसल्यात, कव्हर घालून झालं. — काय? — नको म्हणजे? अगं, तूच तर — कोण म्हणतंय? आई? — ती घागर? अजून? महिनाभर? झाकून ठेवलीय? — कोणाला हात लावू देत नाहीत? ... बरं. बरं. — कोण येऊन बसलाय? — सुकदेव? स्वतः? काय म्हणतो? — परत सांग. ... हां. ऐकलं. येतो. — हो, घेऊन येतो. ठेव.

ताई, तुमचे पाच हजार हे घ्या, आणि ते खाली ठेवा. अलगद. सासूबाईंनी ती घागर रिकामीच केलेली नाही. उन्हाळ्याचं महिनाभराचं पाणी, माठासारखं सावलीत ठेवलंय, वर ताटली, अन् रोज विचारतात, जावई यंत्र घेऊन कधी येतो, मला यांना परत बघायचंय. आणि सुकदेव सकाळपासून येऊन ओट्यावर बसलाय. तो म्हणतो, मला बघायचंय माझा बाप त्या मोठ्याच्या पोटातून सुटला का.

सांगा आता. महिनाभराच्या पाण्यात काय दिसेल, मला माहीत आहे — एकाचे हजार झाले असतील, सगळी भावकी जमली असेल तिथे. पण दोन तरी शेजारी-शेजारी दिसतीलच. दिसले की झालं. कोण कोणता, ते या खेपेला मी नीट विचार करून सांगणार आहे.

तो नवा घ्या, पाच हजारातच घ्या, वरचे आठशे राहू द्या. गॅरंटी कार्ड खोक्यात आहे. कांद्यापासून सुरू करा. आणि उठा ताई, कूलर बंद करतोय मी, धुळ्याची बस सव्वाचारला आहे — नाही, पैसे परवा आणून द्या, आता मोजायला वेळ नाही. त्या शटरला जरा तिकडून हात लावा.