कोमट बॉनेट

ठेवा ना, ठेवा हात, बॉनेटच तर आहे — कोमट लागतंय ना? तुमच्या मनात काय आलं ते मीच सांगते. बाई फोनवर म्हणाली गाडी वर्षभर जागची हलली नाही, आणि इथे तर इंजिन गरम — म्हणजे आपण यायच्या आधी गुपचूप चालू करून ठेवली, थंड इंजिन खडखडत असणार, ते झाकायला. हो की नाही? मला राग नाही आला. आमचे हे असंच करायचे. ही गाडी त्यांनीही जुनीच घेतली, चार वर्षं वापरलेली, तेव्हा मी होते बरोबर — विकणारा सनरूफ उघडून दाखवतोय, सीटचं चामडं दाखवतोय, आणि ह्यांचं लक्षच नाही, आधी हात बॉनेटवर. गरम लागलं की तिथूनच माघारी फिरायचं, म्हणायचे. अशा तीन गाड्या सोडल्या. चौथी ही. थंडगार होती.

तुमच्याआधी सहा जण येऊन गेले, एकानेही बॉनेटला हात लावला नाही. गाणी कशी वाजतात तेवढं विचारलं. मीही कुणाला चालू करून दाखवली नाही — बॅटरी उतरलीय म्हटलं न् वाटेला लावलं. खोटंच. बॅटरीला काय धाड भरलीय, रोज चालू होते गाडी.

रोज, हो. सकाळी नऊला, दहा मिनिटं. आकडा बघा तिथला — अडुसष्ट हजार चारशे बारा — चौदा महिन्यांत एक किलोमीटर वाढला नाही. मला चालवता कुठे येते? ब्रेकवर पाय दाबून धरायचा आणि बटण दाबायचं, एवढंच येतं. ब्रेकवर पाय नसला तर ही चालूच होत नाही — जर्मन शिस्त, हे म्हणायचे.

आता तेलाचं झाकण उघडाल तर दुसरी शंका येईल. येऊ दे, उघडा. आतून पांढरी साय धरलीय ना? तेलात पाणी जातंय, इंजिन गेलं, असंच वाटतं बघणाऱ्याला. तसं नाही. ही पाण्याची टाकी बघा, ह्यावर रेघ आहे, ह्यांच्याच हातची, आणि पाणी अजून त्या रेघेवरच आहे. गॅरेजवाला येऊन बघून गेला — म्हणाला, वहिनी, ही रोज उठते आणि कुठेच जात नाही, मग पुरती तापत नाही, आतली वाफ आतच राहते. तुम्ही प्रेमाने मारताय हिला, म्हणाला. प्रेमाने की कशाने ते मला माहीत नाही. आणि मागचा उजवा कोपरा रात्रीतून बोटभर बसतो, तेही लपवत नाही — हवेवरचं सस्पेन्शन आहे, चालू केली की येतो वर. गिअरचं तेल मात्र बदललेलं आहे. कंपनी म्हणते आयुष्यभर बदलू नका. ह्यांनी साठ हजार किलोमीटरला बदललं. आयुष्यभर म्हणजे वॉरंटी असेपर्यंत, म्हणायचे, आणि स्वतःच हसायचे.

मग चालू कशाला करते — विचारलं नाहीत तुम्ही, पण खिडकीकडे बघताय मघापासून. तीच खोली. हे तिथे असतात. मेंदूत रक्तस्राव झाला, चौदा महिने झाले. डोळे उघडे असतात, पण ओळख नाही, बोलणं नाही, सुई टोचली तरी हूं की चूं नाही. दवाखान्यातून घरी आणलं त्या आठवड्यात मुलगा इथेच होता, त्याने गाडी चालू केली, आणि वर मावशी — ह्यांचं सगळं करायला मावशी आहेत — मावशी ओरडल्या, साहेबांचा पाय हलला. उजवा. ब्रेक दाबल्यासारखा. मी औषधं आणायला गेले होते. तेव्हापासून रोज. मी खाली येते, बटण दाबते, दहा मिनिटं बसते, वर जाते. मावशी म्हणतात, हलला हो ताई, आजपण हलला. मी बरं म्हणते. मग ह्यांना नळीतून भरवायची वेळ झालेली असते. डॉक्टर म्हणतात स्नायू ओढ घेतात, त्यात काही अर्थ नाही. असेल.

मी? नाही, मी नाही बघितला कधी. कशी बघणार — बटण खाली, पाय वर. मावशी गाडीत बसायलाच घाबरतात. मुलगा परदेशात, फोनवर त्याचं एकच पालुपद, आई, विकून टाक, उभ्या उभ्या सडतेय. पण खरं सांगू का — बटण दाबायला कुणालाही सांगता आलं असतं. शेजाऱ्यांना, त्या गॅरेजवाल्याला. दहा मिनिटांचं तर काम. चौदा महिन्यांत सुचलं नाही असं थोडंच आहे. नाही सांगितलं. आणि असं बघू नका, मी रडणार नाही. आधी यायचं रडू, आता काहीच येत नाही, जेवते, झोपते, नऊ वाजले की खाली येते.

तुम्हाला आवाज ऐकायचाय ना? ऐकल्याशिवाय घेऊही नये. मग असं करा, बसा आत. मी वर जाते. खिडकीतून हात दाखवीन, तेव्हा बटण दाबा. पाय ब्रेकवर. आणि एक आधीच सांगते, मागाहून कटकट नको — ह्यांचा पाय हलला, तर गाडी मला विकायची नाही, तुमचा हेलपाटा फुकट गेला. नाही हलला, तर न्या. तुम्ही म्हणाल तो भाव. बसा, सीट मागे घ्या थोडी, ह्यांच्या मापाची आहे.

— आले, आले खाली. वरून आवाज वेगळाच येतो हो हिचा. मला माहीतच नव्हतं, मी कायम आत बसलेली. लांब गेल्यासारखा येतो. कागद समोरच्या खणात आहेत, सर्व्हिसचं पुस्तक त्यातच, शिक्के सगळे आहेत. दुसरी चावी देते आणून. — काय? हां, ते. मावशी म्हणाल्या, बघा ताई, हलला. नेहमी म्हणतात तशाच. माझा हात पायावरच होता, दोन्ही हात. कोमट होता पाय. काही हललं नाही. मावशींकडे बघितलं, त्या चादर नीट करत होत्या. मी म्हटलं, हो मावशी, हलला. — न्या तुम्ही गाडी. आजच न्या, उद्या नऊच्या आत नेतो म्हणू नका, आजच. झालं ना ऐकून तुमचं? बंद करा आता.