बदरुद्दीनच्या चित्रांबाबत त्याच्या आईचा जबाब

दि. १४ मार्च १९६३, शुवैख बंदर, कुवेत

मी, खतिजा मरहूम यूसुफ परकार, वय अदमासे पासष्ट (प्लेगच्या सालातला जन्म, कागद नाही), धंदा घरकाम, मूळ राहणार तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम मुलाच्या खोलीवर, गोदामांच्या मागे, शुवैख. पोलीस ठाण्यात आपल्या पायांनी येऊन समक्ष सांगते की,

माझा मुलगा बदरुद्दीन बंदरावरच्या गोदामात स्टोअरकीपर आहे. माझा भाचा अशरफ गॅरेजमध्ये ड्रायव्हर असून आमच्याच खोलीत राहतो. आपली चित्रे अशरफने चोरून विकली, अशी फिर्याद बदरुद्दीनने सोमवारी दिली. तेव्हापासून अशरफ आपल्या कोठडीत आहे. त्याचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द करून त्याला गावी जाणाऱ्या बोटीत बसवणार, असे कळल्यावरून मी आले. बदरुद्दीनची चित्रे मी घेतली आहेत.

चित्रे कसली ते विचारल्यावरून सांगते. लढाईच्या वेळच्या गोऱ्या शिपायांच्या मासिकांतली पाने आहेत. बसऱ्याहून आलेल्या जुन्या लष्करी खोक्यांत ती सापडली. त्यावर रंगाने काढलेल्या बाया आहेत. कोणी शिडीवर, कोणी झोक्यावर, एकीच्या डोक्यावर खलाशाची टोपी आहे, बाकी फारसे काही नाही. लढाई संपून अठरा वर्षे झाली, त्यांना अजून कापड मिळालेले नाही.

बदरुद्दीन प्रत्येक पान पारदर्शक पिशवीत, मागे पुठ्ठा घालून ठेवतो. हात लावण्याआधी साबणाने हात धुतो. जेवायला बसताना मला ते सांगावे लागते. महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला एक गोरा मेकॅनिक येतो आणि दोघांची अदलाबदल चालते, एक झोक्यावरची देऊन दोन शिडीवरच्या. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाला, “आये, हे फोटो नाहीत, हाताने काढलेली कला आहे.” मी म्हटले, म्हणजे एवढ्या सवडीने उघडी केलीत.

बदरुद्दीनची मुलगी बिल्कीस गावी असते. ईदनंतरच्या दुसऱ्या महिन्यात तिचे लग्न आहे. तिच्यासाठी इथून पत्र्याची पेटी पाठवायची होती. आमच्याकडे खारी हवा पत्रा खाते, म्हणून पेटीला आतून कागद चिकटवतात. गुरुवार दि. ७ रोजी दुपारनंतरच्या असरच्या नमाजानंतर मी मैद्याची खळ शिजवली. घरात अरबी वर्तमानपत्रांचा ढीग होता. पण मला अक्षर येत नाही. त्यात कुठे अल्लाचे नाव असेल आणि त्यावर मी लुगडी ठेवीन, हे मला चालणार नव्हते. म्हणून अरबी अक्षर नसलेला कागद शोधत मी बदरुद्दीनची ट्रंक उघडली.

तोवर माझा विचार मागचे पुठ्ठे घेण्याचा होता. चित्रांना हात लावणार नव्हते. झोक्यावरच्या बाईमागचा पुठ्ठा काढला तो गुळगुळीत लागला. उलटून पाहिला. तो माझी सून जमिला आणि नात बिल्कीस यांचा चिपळूणच्या स्टुडिओतला फोटो होता. जमिलाने चार वर्षांपूर्वी गाववाल्याबरोबर पाठवलेला. तो वाटेत हरवला, असे बदरुद्दीनने मला सांगितले होते. पिशवीत बसावा म्हणून कडा कापल्या आहेत. त्यात बिल्कीसचा एक हात गेला आहे.

त्यानंतर मी सगळी चित्रे पेटीला लावली. मोजली नाहीत. तळाला, बाजूंना आणि झाकणालाही पुरली. तोंडे कुठल्या बाजूला, असे विचारल्यावरून सांगते, पत्र्याकडे. आमच्या जमिलाचे होते तसेच. खळ दाट केली होती.

शनिवारी अशरफने पेटी बोटीवर पोचवली. गोदामाच्या चौकीदाराने त्याला पेटी नेताना पाहिले ते खरे आहे. पेटीला कुलूप होते आणि किल्ली माझ्या कमरेला. आत काय ते अशरफला माहीत नव्हते. “खाला, कपडेच आहेत ना?” एवढेच त्याने विचारले. मी हो म्हटले. तेही खरे होते, लावलेल्या बाया सोडून.

चार दिवस गप्प का राहिले, असे विचारल्यावरून सांगते. बदरुद्दीन येऊन मला विचारील, असे वाटले होते. त्याने ट्रंक पाहिली आणि थेट ठाण्यात आला. सहा वर्षांत तो गावी गेलेला नाही. लग्नालाही सुटी मिळत नाही, असे त्याने कळवले आहे. चित्रे गेल्याचे कळले त्या दिवशी मात्र त्याला सुटी मिळाली.

अशरफला सोडावे. चित्रे नष्ट झालेली नाहीत. बदरुद्दीनला हवी असल्यास पेटी त्याच्या घरी, बायकोच्या ताब्यात जाणार आहे. पुढची बोट लग्नाआधी पोचते. ओल्या फडक्याने सावकाश सोडवली तर निघतील. हात धुऊन काम करायची त्याला सवय आहे.

फोटो मी सोबत आणला असून टेबलावर ठेवला आहे. मुद्देमालात लावायचा तर सुलटा लावावा.

हा जबाब ठाण्याचे दुभाषी अब्बास यांनी माझ्या बोलण्यावरून मराठीत लिहिला, त्याचे अरबी भाषांतरही तेच करतील. त्यांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी त्यांनी ‘अश्लील चित्रे’ लिहिले होते, ते खोडून मी ‘बदरुद्दीनची चित्रे’ करायला लावले. बाकी मी बोलले तेच उतरले आहे, म्हणून खाली डाव्या हाताचा अंगठा देते.